खाडीच्या अहवालात सारस

समुद्रातलं मला काही कळत नाही, हे काम घेतानाच मी पर्यावरणाचे अहवाल करणाऱ्या त्या कंपनीला सांगितलं होतं. मी अर्जुनी मोरगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा कॉलेजच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष पाण्यापेक्षा पाण्यात शिरणाऱ्या मुलींकडे होतं. कंपनीच्या समन्वयकाला त्याचं काही नव्हतं. "मॅडम, आपको समुंदर नहीं, मराठी आना चाहिए," तो फोनवर म्हणाला. तो नागपूरचा होता, बोलताना दर दोन वाक्यांनी हिंदीत शिरायचा, आणि आपण किती व्यस्त आहोत हे प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी सांगायचा.

काम असं होतं. कोकणातल्या एका बंदरात मोठी मालवाहू जहाजं यावीत म्हणून खाडीच्या तोंडापासून धक्क्यापर्यंतचा जहाजांचा मार्ग खोल करायचा होता. तळ उपसायचा आणि निघालेला गाळ बाहेर समुद्रात नेऊन टाकायचा. असं काही करण्याआधी त्याचा पाण्यावर, माशांवर, माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. त्याचा सारांश तिथल्या लोकांच्या भाषेत त्यांच्या हाती द्यावा लागतो, आणि मगच जनसुनावणी होते. मूळ अहवाल इंग्रजीत, उशीएवढा जाड. सारांश त्या मानाने आटोपशीर. तो मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दहा पानांतच मला त्या भाषेची किळस आली. जे काही वाईट होणार होतं ते 'तात्पुरतं', 'स्थानिक स्वरूपाचं' आणि 'नगण्य' होतं. गाळ ढवळून पाणी गढूळ होईल तेव्हा मासे 'क्षेत्र सोडून जाण्यास सक्षम' होते. जणू त्यांना नोटीस पाठवली होती आणि त्यांनी सामान बांधायला घेतलं होतं. तळाला चिकटून बसणारे शिंपले काही क्षेत्र सोडून जाऊ शकत नाहीत. तर ते 'कालांतराने पुनर्वसाहत करतील' असं लिहिलं होतं. खरवडून समुद्रात फेकलेला शिंपला परत येऊन घर कसं करतो, हे मला वर्गात शिकवता आलं नसतं. पण मी तेही मराठीत केलं. भाषांतर करणाऱ्याने मत देऊ नये, असं स्वतःला सांगून केलं.

मग प्राण्यांची यादी आली. इंग्रजी सारांशात सगळी नावं शास्त्रीय होती, म्हणजे लॅटिन. सामान्य माणूस अशी यादी दिसली की पान उलटतो, आणि ती लिहिणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण माझं पोटच त्या नावांवर चालतं. पहिलं नाव मरळ. दुसरं मांगूर. पुढे बोटरी, दाडक. मी चष्मा पुसला. हे सगळे गोड्या पाण्यातले मासे, आमच्या तलावांतले, खाडीच्या खाऱ्या पाण्यात टाकले तर दिवसभरही जगायचे नाहीत. पक्ष्यांच्या यादीत सारस होता. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर लोक गोंदियाला येतात. कोकणातल्या जहाजांच्या मार्गात सारसाचं काय काम होतं?

आठव्या नावाशी मी थांबले. त्या लॅटिन नावात एक अक्षर चुकलेलं होतं, आणि ती चूक मला ओळखीची वाटली, कारण ती माझी होती.

चार वर्षांपूर्वी याच कंपनीसाठी मी एक पाहणी केली होती. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या तलावाचं खोलीकरण व्हायचं होतं. या भागातले तलाव शेतकरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधले. धान त्यांच्यावर पिकतं आणि मासेमारांची घरंही त्यांच्यावर चालतात. त्या तलावात कोणते जीव आहेत याची यादी कंपनीला हवी होती. दोन दिवस मिळाले. मी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून फिरले, जाळ्यात आलेले मासे पाहिले, आणि घरी येऊन तक्ता केला. त्या तक्त्यात एक स्पेलिंग चुकलं. ते चुकलेलं स्पेलिंग आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्रात पोहत होतं.

त्या दोन दिवसांतला एक माणूस मला विसरता आलेला नाही. मासेमार सोसायटीचे एक म्हातारे होते, सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. त्यांनी मला डोंग्यात बसवून तलावभर फिरवलं. मध्ये एका जागी बांबू खाली खुपसून ते म्हणाले, "बाई, वरचा गाळ काढा, बेस होईल. पन खाली चिकन माती आहे, तिले हात लावू नोका. ते फुटली का पानी रायत नाही."

"आणि तिकडचं?" मी काठाकडे बोट दाखवलं. उथळ पाण्यात देवधान वाढलं होतं. हे आपोआप उगवणारं रानधान. त्याच्या आडोशाने सारसाची जोडी उभी होती.

"ते तसंच राहू द्या. त्या जोडीनं तिथंच अंडी घातली आहेत. सगळीकडे सारखा खड्डा केला तर तलाव कोन म्हनन त्याले? टाकी होते ते."

मी ते सगळं लिहून घेतलं. अहवालात एक पूर्ण पान त्यांच्या बोलण्याचं दिलं. छापून आलेल्या अहवालात त्या पानाच्या जागी एक ओळ होती: 'स्थानिकांशी चर्चा करण्यात आली व त्यांनी प्रकल्पाचे स्वागत केले.' शेवटी निष्कर्ष होता, परिणाम नगण्य. त्याखाली सही माझी. मी ती ओळ वाचली होती, मग सही केली होती. तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा तलावाचं काय एवढं. पुढे जेसीबी आले, त्यांनी काठापासून काठापर्यंत सारखा खड्डा केला, चिकण माती खरवडून ट्रॅक्टरने नेली. आता तो तलाव संक्रांतीच्या सुमाराला तळ दाखवतो. सारसांची जोडी दुसऱ्या वर्षीच दिसेनाशी झाली. त्या कंपनीचा तिरस्कार मी मनापासून करते, पण त्यातला एक वाटा माझ्या नावावर आहे, हे मी नाकारत नाही.

यादी पाहून मी समन्वयकाला फोन लावला.

"तुमच्या खाडीच्या अहवालात तलावातले मासे आहेत," मी म्हणाले.

"मॅडम, ते टेम्प्लेट असते. कुठं कुठं जुनं राहून जातं."

"राहून नाही गेलं. अख्खा तक्ता उचललाय. माझा आहे तो. चुकीसकट."

तो खाकरला. मला वाटलं, लाजला असेल. मग तो म्हणाला, "मॅडम, सुनावणीची तारीख लागून राहिली आहे. तुम्ही फक्त भाषांतर करा ना. जसं आहे तसं. तपासणं आपलं काम नाही."

"जसं आहे तसं?"

"जसं आहे तसं."

"हे मेलवर लिहून पाठवा."

त्याने पाठवलं. एका ओळीचा मेल, दोन शब्दांची स्पेलिंगं चुकलेली. मग मी अगदी जसं होतं तसं भाषांतर केलं. फक्त मराठीत लॅटिन नावं ठेवून उपयोग नसतो. लोकांना कळणारी नावं द्यावी लागतात, तसा नियमाचा हेतूच आहे. म्हणून मी लिहिलं: 'प्रकल्पक्षेत्रातील खाडीत प्रामुख्याने मरळ, मांगूर, बोटरी व दाडक हे मासे आढळतात. किनाऱ्यालगत सारस पक्ष्यांचा वावर आहे. गाळ उपसण्याच्या काळात सदर मासे क्षेत्र सोडून जाण्यास सक्षम आहेत.' एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. फाइल पाठवताना मला जो आनंद झाला तो शिक्षिकेला शोभणारा नव्हता. कंपनीतल्या कुणीही ती उघडून पाहिली नाही. पाहिली असती तर ती तशीच छापली गेली नसती.

साधारण तीन आठवड्यांनी दुपारी, मी प्रयोगशाळेत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस कोकणातला, त्या खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. आवाज वयस्कर आणि शांत. संगणकावर सारांशाची फाइल उघडल्यावर फाइलच्या माहितीत माझं नाव दिसलं म्हणाला, त्यावरून नंबर त्याच्या मुलीने शोधून दिला. नाव पुसायलाही कंपनीला सुचलं नव्हतं.

"मॅडम, एक विचारायचं होतं. हा मरळ कसला मासा?"

"तळ्यातला. चिखलात राहतो. तुमच्याकडे खाडीत नसणार."

"नाय. मी पन्नास वर्षं जातोय खाडीत. आमच्याकडं बोय आहे, कोळंबी आहे, तोंडाशी पापलेट येतं, तिसऱ्या आहेत, शिंपल्या त्या. बायका ओहोटीला तिसऱ्याच काढतात, त्यावर घरं चालतात. तिसऱ्यांचं नाव नाय यादीत."

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही असं का लिवलंत?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर देणं जड गेलं. "मी लिहिलं नाही, भाषांतर केलं," असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण तेच वाक्य समन्वयकाच्या तोंडी किती शोभलं असतं, हे ध्यानात आलं आणि मी ते गिळलं. मी त्याला सगळं सांगितलं. तक्ता माझा आहे, तो कुठल्या तलावाचा आहे, मूळ इंग्रजी अहवालात तो कोणत्या पानावर आहे, त्यातलं कोणतं नाव चुकीचं लिहिलंय. तो एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होता. लिहून घेत असावा.

"तुमचं गाव कुठं आलं म्हणालात?"

"गोंदिया जिल्हा."

"तिकडं समुद्र नाय."

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "उपकार झाले."

जनसुनावणीचं मला त्यानेच सांगितलं. मांडवात खुर्च्या, पुढे टेबलावर अधिकारी, पडद्यावर बंदराची रंगीत चित्रं. कंपनीच्या माणसाने सांगितलं, अभ्यास शास्त्रशुद्ध आहे. मग सेक्रेटरी उठला. त्याने भाषण केलं नाही. पाटीत बोय, कोळंबी आणि तिसऱ्या आणल्या होत्या, ती पाटी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "साहेब, यातला मरळ कुठला ते दाखवा." अधिकाऱ्याने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. कंपनीच्या माणसाने कागद चाळले. तिसऱ्या काढणाऱ्या बायका मागून हसायला लागल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "आमचं नाव पन नसेल त्यात, बघा जरा." नव्हतंच. अहवालात तिथली मासेमारी 'पुरुषप्रधान व हंगामी' होती. अधिकाऱ्यांनी सुनावणी पुढे ढकलली आणि अहवाल दुरुस्त करून आणायला सांगितलं.

त्यानंतर चार दिवसांनी समन्वयक माझ्या घरी आला. सोबत त्याचे वरिष्ठ होते. केस पिकलेले, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. खाडीतल्या जिवांवर त्यांनी कधीकाळी डॉक्टरेट केली होती, हे त्यांनीच सांगितलं. माझ्या कपाटातली पुस्तकं पाहून त्यांना खरोखर बरं वाटलं असावं. चहा झाल्यावर समन्वयकाने टाइप केलेलं एक पत्र पुढे सरकवलं. मी ते मोठ्याने वाचलं. 'भाषांतराच्या वेळी माझ्याकडून अनवधानाने दुसऱ्या प्रकल्पाची यादी समाविष्ट झाली. याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.'

"इंग्रजीतही तीच यादी आहे," मी म्हणाले.

"ती आम्ही बदलली आहे," समन्वयक म्हणाला. "वेबसाइटवर आता नवीन आहे."

"जुनी माझ्याकडे आहे. तुमचा मेलपण आहे, जसं आहे तसं."

त्याने वरिष्ठांकडे पाहिलं. वरिष्ठांनी कप खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही स्वतः शास्त्र शिकलेल्या आहात, तुमच्याशी खोटं बोलत नाही. यादीत मरळ असो की पापलेट, काही फरक पडत नाही. मार्ग खोल होणारच आहे. जहाजं मोठी झालीत, बंदराला थांबता येत नाही. अहवाल हा त्यातला एक टप्पा आहे फक्त."

"मग यादी कायले लागते?" मी विचारलं. चिडले की मी घरच्या बोलीत जाते.

"नियमात आहे म्हणून."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागही नीट करता येईना. समन्वयकाला निदान काही माहीत नव्हतं. या गृहस्थाला सगळं माहीत होतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात हातभर खणलं तर किती प्रकारचे जीव निघतात, हे त्यांनी तरुणपणी स्वतः मोजलं असेल. आणि आता ते इतक्या लांब आले होते, एका कॉलेजातल्या बाईकडून तिने न केलेल्या गुन्ह्याच्या कबुलीवर सही घ्यायला.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला पुढे काम मिळणार नाही आमच्याकडून," समन्वयक म्हणाला.

"बरं होईल."

वरिष्ठांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, चहा छान होता म्हणाले, आणि चपला घालताना नागरा इथून किती लांब आहे, तिथलं जुनं शिवमंदिर पाहायचं आहे, असं विचारलं. मी रस्ता सांगितला. त्यांची गाडी वळून गेल्यावर मी दोघांचे कप दोनदा विसळले.

दुरुस्त अहवाल दोन महिन्यांत आला. सेक्रेटरींनी पाठवला. या वेळी त्यात बोय होता, कोळंबी होती, पापलेट होतं, तिसऱ्यांचं एक छायाचित्रही होतं. बायकांवर दोन ओळी होत्या. त्यापुढचा निष्कर्ष शब्दाचाही बदल न करता तोच होता. तलावातल्या माशांसाठी जो निष्कर्ष खरा होता, तोच समुद्रातल्या माशांसाठीही खरा निघाला: परिणाम तात्पुरता, स्थानिक स्वरूपाचा व नगण्य. दुसरी सुनावणी पार पडली. मंजुरी मिळाली, अटींसह. अटी म्हणजे पाण्याच्या गढूळपणावर 'लक्ष ठेवण्यात येईल' वगैरे. लक्ष कोण ठेवणार, तर तीच कंपनी.

मच्छीमार कोर्टात गेले. त्यांच्या वकीलबाईंनी मला फोन केला. पहिला अहवाल कसा तयार झाला याचं प्रतिज्ञापत्र द्याल का, विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी जरा सावकाश सांगितलं, "त्यात तलावाचंही लिहावं लागेल. तक्ता तिथून आला, म्हणजे त्या अहवालावर तुमची सही आहे, ते येईल. समोरचे विचारतील, तेव्हा नगण्य म्हणून सही केलीत, आता का बोलता."

"विचारू द्या."

लिहिण्याआधी मी काकाजींना भेटायला गेले. ते आता मासे मारत नाहीत. मुलगा गोंदियाला राइस मिलमध्ये लागला आहे. ते ओसरीत जाळं उसवत बसले होते, सूत दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हणून. मी त्यांना सांगितलं की त्या वेळी त्यांचं बोलणं अहवालातून काढलं गेलं, मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी सही केली. आता कोर्टात ते लिहून देत आहे.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "कागद पंचायतीत आला होता. मास्तरनं वाचून दाखवला. आमी स्वागत केलं म्हने."

"मग तुम्ही मला काही बोलले का नाही?"

"काय बोलू? तुमी शिकलेल्या. आमाले वाटलं, तुमाले समजलं नसन." मग सुताचा गुंडा बाजूला ठेवत, "तिकडच्या लोकाईचा तरी फायदा होते का यानं?"

"सांगता येत नाही, काकाजी."

"तरी लिवा," ते म्हणाले. आणि आत सुनेला चहा ठेवायला सांगितला.

प्रतिज्ञापत्र मी तहसीलसमोरच्या अर्जनवीसाकडून टाइप करून घेतलं. जहाज, बंदर, खाडी हे शब्द त्याने तीन-तीनदा विचारले. 'परिणाम नगण्य' या शब्दांवर सही माझी होती आणि तो निष्कर्ष खोटा होता, हे वाक्य आलं तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, "मॅडम, हे असंच ठेवायचं?" मी ठेव म्हणाले. काकाजींनी डोंग्यात सांगितलेलं सगळं, गाळ, चिकण माती, देवधान, मी जुन्या वहीतून काढून त्यांच्याच शब्दांत पुढे जोडलं. या वेळी ते पान कुणी काढू शकणार नव्हतं.

केस अजून चालू आहे. गाळ उपसणारं जहाज गेल्या पावसाळ्यानंतर खाडीत आलं. सेक्रेटरी फोनवर सांगतात की ओहोटीला बायकांना आता निम्म्याच वेळात परत यावं लागतं, कारण काढण्यासारखं फार उरलेलं नसतं. मागच्या महिन्यात त्या कंपनीचा मला पुन्हा मेल आला. समन्वयक बदलला होता, नव्याला माझ्याविषयी काही माहिती नव्हती. आमच्याच जिल्ह्यातल्या आणखी सहा तलावांच्या खोलीकरणासाठी 'स्थानिक तज्ज्ञ' हवा होता, आणि सोबत नमुना म्हणून एक तयार तक्ता जोडला होता. मी तो उघडून आठवं नाव पाहिलं. स्पेलिंग अजून तसंच होतं. मी मेल वकीलबाईंना पुढे पाठवला, आणि त्या सहा गावांच्या ग्रामपंचायतींचे नंबर काढायला बसले.